खूण आणि कारण

कर्करोगाच्या गाठीचे रसायन तिच्या शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा वेगळे असते आणि हा फरक मोजता येतो. चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात जिवंत माणसाच्या मेंदूतील काही रेणूंचे प्रमाण कवटीला हात न लावता कळते. मेटाबोलोमिक्स या शाखेत रक्त, लघवी किंवा गाठीचा एखादा कण घेऊन शेकडो चयापचयी रेणूंची नोंद एकदम केली जाते. मोजमाप असे वाढत गेले, तसा एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहिला. जे मोजले ते रोगाचे कारण आहे, रोगाची खूण आहे, की रोगासोबत केवळ आढळणारी गोष्ट आहे? प्रयोगशाळेत हा प्रश्न आकड्यांतून विचारला जातो, पण मुळात तो ज्ञानमीमांसेचा आहे. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याकडे जाण्याचा अधिकार केव्हा मिळतो, हे त्यात ठरवायचे असते.

न्यायदर्शनाने या अधिकाराची जितकी कसून तपासणी केली तितकी फार थोड्या परंपरांनी केली असेल. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे अनुमान होते. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य आणि जिथे धूर तिथे अग्नी हा अव्यभिचारी संबंध म्हणजे व्याप्ती. व्याप्ती ढासळली की अनुमानही ढासळते. न्यायसूत्रांत एक आक्षेपक पुढे येतो आणि अनुमान हे प्रमाणच नव्हे असे म्हणतो. नदी फुगली म्हणजे वर पाऊस झाला असे लोक समजतात, पण प्रवाह कुठे अडला तरीही नदी फुगते. या आक्षेपाला दिलेले उत्तर आजच्या प्रयोगशाळेतही जसेच्या तसे लागू पडते. भाष्यकार वात्स्यायन सांगतात की पावसाने आलेला पूर ओळखू येतो. त्याच्या पाण्याला वेग असतो, वर फेस असतो आणि त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येतात. अडलेल्या पाण्यात हे काही नसते. नुसते पाणी वाढणे हा हेतूच नव्हता. हेतू होता विशिष्ट प्रकारचे वाढलेले पाणी. चूक अनुमानाची नसून खूण ढोबळ घेणाऱ्याची होती.

पुढे उदयनाचार्यांनी आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांनी उपाधीची कल्पना सूक्ष्म केली. धुरावरून अग्नीकडे जाता येते, पण अग्नीवरून धुराकडे जाता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीला धूर यायचा तर ओले सरपण लागते. हे ओले सरपण म्हणजे उपाधी, दोन गोष्टींच्या सोबतीमागे लपलेली तिसरी अट. ती नजरेआड राहिली की सोबतीलाच नियम समजण्याची चूक होते. कर्करोगाच्या चयापचयाचा शंभर वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशा उपाधी शोधून काढण्याचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेतले, ते ग्लुकोजयुक्त द्रावणात ठेवले आणि वायूचा दाब मोजणाऱ्या नळीवरून त्यांचे श्वसन व आम्लनिर्मिती मोजली. प्राणवायू मुबलक असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणात लॅक्टेट करीत होत्या. हिशेबाने पाहता हा तोट्याचा व्यवहार आहे. ग्लुकोजच्या एका रेणूचे लॅक्टेट केले तर पेशीला एटीपी या ऊर्जावाहकाचे दोन रेणू मिळतात, पूर्ण ज्वलन केले तर तीसच्या आसपास मिळतात. वॉरबर्ग यांचे मोजमाप अचूक होते. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी यांनी एका पंखावर गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारे रक्त तपासले. गाठीच्या बाजूच्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टेट जास्त निघाले. म्हणजे काचेच्या भांड्यात दिसले ते जिवंत प्राण्यातही खरे होते.

मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. पेशीच्या श्वसनयंत्रणेला कायमची इजा झाली म्हणून पेशी लॅक्टेटवर निभावू लागते आणि ही इजा हेच कर्करोगाचे मूळ, असे वॉरबर्ग यांचे मत होते. १९५६ मध्ये सायन्स नियतकालिकातील लेखात त्यांनी ते ठामपणे मांडले. सिडनी वाइनहाउस यांनी त्याच वर्षी त्यास विरोध केला, कारण कित्येक गाठींचे श्वसन चांगले चालते असे पुरावे तेव्हाही होते. शिवाय खूण दुसरीकडेही सापडते. डोळ्याच्या दृष्टिपटलात आणि संसर्गाशी लढण्यासाठी झपाट्याने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींतही प्राणवायू असताना लॅक्टेट तयार होते. वेगाने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नव्या पेशीसाठी कच्चा मालही हवा असतो, आणि ग्लुकोजच्या विघटनाच्या वाटेवरून तो काढून घेता येतो. पुष्कळ ठिकाणी वाढ हीच ती तिसरी अट ठरते.

या पायरीवरची गफलत घराघरांत पोहोचली आहे, म्हणून तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. कर्करोगाला साखर लागते, तेव्हा रुग्णाची साखर आणि भात बंद केला की गाठ उपाशी मरेल, असा सल्ला नातेवाईक एकमेकांना देतात. गाठ ग्लुकोज वापरते हे खरे आहे. मात्र रक्तातील ग्लुकोजची पातळी यकृत सांभाळते आणि आहार तुटला की स्नायूंतील प्रथिने मोडून ते ग्लुकोज बनवते. ताटातला भात कमी झाला म्हणून गाठीचा पुरवठा थांबत नाही. आधीच वजन घटत असलेला माणूस मात्र आणखी खंगतो. खुणेला कारण मानण्याची किंमत इथे रुग्णाच्या देहातून वसूल होते.

चुंबकीय अनुनाद या प्रश्नात शिरला तो भौतिकशास्त्राच्या दारातून. हायड्रोजनच्या अणुकेंद्राला स्वतःचे चुंबकत्व असते. बलवान चुंबकीय क्षेत्रात ते ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देते. क्षेत्र १.५ टेस्लाचे असेल तर ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे हा परिणाम मोजला, आणि १९५२चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. भौतिकशास्त्रज्ञांना अणुकेंद्राचे गुणधर्म हवे होते. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे वारंवारता किंचित सरकते ही त्यांच्या दृष्टीने अडचण होती. १९५१ मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा वर्णपट घेतला. त्यात एका शिखराऐवजी तीन शिखरे उमटली आणि त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक या प्रमाणात होती. अल्कोहोलच्या रेणूत तीन हायड्रोजन एका कार्बनवर, दोन दुसऱ्यावर आणि एक ऑक्सिजनवर असतो. रेणूची रचना जणू कागदावर उतरली होती. यांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विषयाचे संशोधन उभे केले. ज्याला आधी अडथळा म्हटले गेले तेच खूण म्हणून सर्वांत मोलाचे ठरले, कारण एक अणुकेंद्र आपल्या शेजाऱ्यांबद्दल काय सांगते हे त्यातूनच कळू लागले.

शरीरातील अणुकेंद्रांकडून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. तीन टेस्लाच्या यंत्रात दहा लाख अणुकेंद्रांमागे जेमतेम दहाच्या आसपास अणुकेंद्रांचे आधिक्य एका दिशेला असते, आणि सारा संदेश त्या आधिक्यातून येतो. पाण्याचा संदेश इतर रेणूंपेक्षा हजारो पटींनी मोठा असल्यामुळे तो आधी दाबून टाकावा लागतो. मग मेंदूच्या वर्णपटात, वारंवारतेच्या सरकण्याच्या दशलक्षांश मापावर, मोजकी शिखरे वर येतात: २.० या स्थानी चेतापेशींशी निगडित एन-असिटाइल अस्पार्टेट, ३.०ला क्रिएटिन, ३.२ला कोलीनयुक्त संयुगे आणि १.३ला लॅक्टेटचे जुळे शिखर. मेंदूतील गाठीत साधारणपणे कोलीन वाढते आणि एन-असिटाइल अस्पार्टेट घटते. वाढत्या पेशी नवी आवरणे तयार करतात म्हणून कोलीन वाढते. पण मेंदूतील चेतातंतूंचे वेष्टण झडणाऱ्या रोगातही ते वाढते. लॅक्टेट तर रक्तपुरवठा तुटलेल्या भागातही जमते. नदीला पाणी चढले एवढेच या शिखरांवरून म्हणता येते.

काढलेल्या ऊतीची तपासणी अधिक बारकाईने होते. १० ते २० मिलिग्रॅमचा तुकडा छोट्या नळीत भरतात, चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून ती नळी सेकंदाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरवतात आणि तापमान ४ अंशांच्या जवळ ठेवतात. या कोनात फिरवल्याने घट्ट ऊतीतील रेणूंची पसरलेली शिखरे बारीक व सुटी होतात, आणि तुकडा शाबूत राहिल्याने नंतर तोच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. वस्तुमान वर्णपटमापनाने याहून कितीतरी विरळ रेणू सापडतात, पण त्यासाठी नमुना खर्ची पडतो. दोन्हींत एक अट समान आहे. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी बांधली की तुकड्याचा प्राणवायू तुटतो, ग्लुकोज घटू लागते आणि लॅक्टेट चढते. तुकडा गोठवायला झालेला उशीर रोगाच्या खात्यावर जमा होऊ शकतो. काचेतल्या पेशींचेही तसेच. नेहमीच्या पोषक द्रावांपैकी एकात ग्लुकोज लिटरमागे २५ मिलिमोल असते, रक्तात ते सुमारे ५. ज्या पाण्यात पेशी वाढल्या त्याचे गुणधर्म पेशींच्या स्वभावात मोजले जाण्याचा धोका कायम असतो. उपाधी अनेकदा रोगाच्या पोटात नसून मोजणाऱ्याच्या हातात असते.

खूण आणि साध्य यांतील अंतर किती असू शकते हे काही उदाहरणांनी स्पष्ट होते. किरणोत्सर्गी ग्लुकोजसदृश पदार्थ शिरेतून देऊन केलेल्या पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते, कारण ती ग्लुकोज ओढते. भारतात हाच उजळलेला ठिपका पुष्कळदा क्षयाचा निघतो, कारण क्षयाच्या गाठीत जमलेल्या दाहपेशीही ग्लुकोज ओढतात. म्हणून सुईने घेतलेल्या तुकड्याशिवाय निदान पुरे होत नाही. २००९ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी सार्कोसिन हा रेणू प्रोस्टेटच्या कर्करोगाशी आणि त्याच्या पसरण्याशी संबंधित असल्याचे नेचरमध्ये दाखवले. लघवीच्या साध्या तपासणीची आशा निर्माण झाली, पण इतर गटांना लघवीत तसा उपयुक्त फरक सापडला नाही. २०१४ मध्ये दुसरीच गोष्ट पुढे आली. स्वादुपिंडाचा कर्करोग पुढे झालेल्या लोकांच्या, निदानाआधी काही वर्षे साठवलेल्या रक्तात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले वाढलेली आढळली. ती येत कुठून होती? समस्थानिकांनी, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंनी, खूण केलेल्या उंदरांवरून असे दिसले की ती गाठीतून येत नसून शरीरातील इतर ऊतींची प्रथिने मोडून येत होती. रोग सापडण्याच्या कितीतरी आधी देह झिजू लागला होता.

हे शेवटचे उदाहरण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कर्करोग म्हणजे शरीरात शिरलेली एक वस्तू आणि शरीर म्हणजे तिचे भांडे, अशी समजूत मनात पक्की असते. रूडॉल्फ शॉनहायमर यांनी १९३०च्या दशकात जड हायड्रोजन आणि जड नायट्रोजन वापरून दाखवले की प्रौढ प्राण्याची चरबी आणि प्रथिने स्थिर साठे नाहीत. ती सतत मोडत आणि घडत असतात. प्रत्येक वस्तूला क्षणांचा प्रवाह मानणाऱ्या बौद्ध दार्शनिकांना यात नवल वाटले नसते, मात्र नैयायिकांना अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, टिकतो की नाही हा प्रश्न इथे खरोखर अडचणीचा ठरला असता. गाठ हीदेखील त्याच प्रवाहातील एक वळण आहे. यकृत, स्नायू आणि दाहपेशी तिच्या चयापचयात सहभागी असतात. म्हणून एका क्षणी घेतलेले प्रमाण अपुरे पडते. एखाद्या ठिकाणी लॅक्टेट पुष्कळ आहे याचा अर्थ ते तिथे तयार झाले, बाहेरून आले, की खर्च न होता तुंबले, हे साठा मोजून कळत नाही.

त्यासाठी वाहणारे पाणी रंगवावे लागते, आणि समस्थानिकांची खूण ते काम करते. डॅलस येथे शस्त्रक्रियेआधी आणि ती चालू असताना रुग्णांना कार्बन-१३ असलेले ग्लुकोज शिरेतून दिले गेले आणि काढलेल्या गाठीतील रेणूंत तो कार्बन कोणत्या जागी पोहोचला हे चुंबकीय अनुनादाने वाचले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या गाठी ग्लुकोजचा कार्बन सायट्रिक आम्लचक्रातून फिरवताना, म्हणजे त्याचे ज्वलन करताना आढळल्या. २०१७ मध्ये फुप्फुसांच्या गाठी रक्तातील लॅक्टेट इंधन म्हणून आत घेतात असे दाखवले गेले. वॉरबर्ग यांच्या काळात ज्याला टाकाऊ समजले गेले ते इंधनही असू शकते.

प्रवाह जिवंत माणसात प्रत्यक्ष पाहण्याची आणखी एक पद्धत आहे. कार्बन-१३ असलेले पायरुव्हेट निरपेक्ष शून्याच्या एका अंशाजवळ थंड करून त्याच्या अणुकेंद्रांना सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने एका दिशेला वळवतात, मग गरम पाण्यात झटकन विरघळवतात. संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढतो, पण तो काही मिनिटांत विझतो. तेवढ्यात द्राव गाळायचा, त्याची आम्लता तपासायची, शिरेत सोडायचा आणि पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना चित्र घ्यायचे. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या ३१ पुरुषांवर सॅन फ्रान्सिस्कोत झालेला या पद्धतीचा पहिला मानवी अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे मोजला जातो तो साठा नसून वेग. वात्स्यायनांनी पाण्याच्या उंचीऐवजी त्याच्या वेगाकडे आणि फेसाकडे बोट दाखवले होते, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे.

खुणेकडून कारणाकडे जाण्याचा सर्वांत भक्कम मार्ग एका वेगळ्या रेणूने दाखवला. २००८ मध्ये मेंदूच्या काही गाठींत आयडीएच-१ या विकराच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले. २००९ मध्ये कळले की बदललेले विकर आपले नेहमीचे काम सोडून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट तयार करते. निरोगी मेंदूत हा रेणू नगण्य असतो, अशा गाठीत तो मिलिमोलच्या पातळीवर साठतो. २०१२ पासून जिवंत रुग्णांच्या वर्णपटात २.२५ या स्थानाजवळ त्याचे शिखर ओळखता येऊ लागले. जनुकातला एक बदल कवटी न उघडता रेणूच्या रूपाने वाचता आला. पुरातील पाने आणि लाकडे ओळखण्याइतकी ही खूण विशिष्ट होती. तरी तिलाही अट आहे. प्राणवायू कमी पडला की निरोगी विकरेही याच रेणूचे आरशातल्या प्रतिबिंबासारखे रूप तयार करतात, आणि साध्या वर्णपटात ही दोन रूपे वेगळी दिसत नाहीत.

पण चांगली खूण म्हणजे कारण नव्हे. कारणाची व्याख्या करताना नैयायिकांनी केवळ नियमाने आधी असणे पुरे मानले नाही. घट तयार होण्याआधी कुंभाराचा दंड आणि चाक असते, तसेच माती वाहून आणणारे गाढवही असते. दंड हे कारण आहे. गाढव अन्यथासिद्ध आहे, म्हणजे त्याच्यावाचूनही घट होऊ शकतो. चयापचयातील प्रत्येक वाढलेल्या रेणूला हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर निरीक्षणाने मिळत नाही. तो रेणू काढून पाहावा लागतो. २-हायड्रॉक्सिग्लुटारेट डीएनए आणि त्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो, त्यामुळे पेशी परिपक्व होण्याऐवजी वाढतच राहते, असे प्रयोगांतून दिसले. मग बदललेले विकर रोखणारी औषधे आली. रक्ताच्या एका कर्करोगात त्यांनी अपरिपक्व पेशींना परिपक्व होऊ दिले. मेंदूच्या मंद वाढणाऱ्या गाठींसाठी वोरासिडेनिब या औषधाची ३३१ रुग्णांवर चाचणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग पुढे न सरकण्याचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत २७.७ महिने आणि न घेणाऱ्यांत ११.१ महिने होता. रेणू रोखला आणि रोग मंदावला. इथे तो गाढवाच्या बाजूला नाही, दंडाच्या बाजूला आहे.

तरीही गाठ नाहीशी झाली नाही, आणि वेगाने वाढू लागलेल्या गाठींत अशा औषधांचा लाभ कमी दिसला. काही गाठींत रोग उलटल्यावर मूळ उत्परिवर्तनच हरवलेले सापडले आणि गाठ वाढतच राहिली. न्यायशास्त्रात यासाठी आधीच भेद केलेला आहे. घट घडल्यावर दंड मोडला तरी घट राहतो, कारण दंड हे निमित्तकारण आहे. कापडाचे धागे गेले तर कापड राहत नाही, कारण धागे हे समवायिकारण आहेत. ऑन्कोमेटाबोलाइट, म्हणजे कर्करोगाला चालना देणारे, म्हणवल्या जाणाऱ्या रेणूंपैकी कोणता निमित्ताच्या जातीचा आणि कोणता धाग्यांच्या जातीचा, आणि एकाच रुग्णात ही जात रोगाच्या कोणत्या टप्प्यावर बदलते, हे शोधायचे तर उपचार चालू असताना त्याच रुग्णाचा वर्णपट पुनःपुन्हा घ्यावा लागतो. २.२५ जवळचे शिखर उतरले आणि गाठ थांबली तर रेणूचे कारणत्व अजून चालू आहे. शिखर उतरूनही गाठ वाढत राहिली तर निमित्ताचे काम संपले आहे, आणि औषधाने दुसरीकडे वळायला हवे.